जाळं आपलं, मग फाईल भाड्याची का?



३१ जुलैला बंदी संपते, त्यामुळे जेटीवर सध्या सगळ्यांची एकच घाई आहे. इंजिनाचं काम, जाळ्यांची दुरुस्ती, डिझेलचे कागद. त्यात संस्थेपुढे आणखी एक बिल आलंय. सभेचं इतिवृत्त, बर्फाची बिलं, डिझेलच्या याद्या आपण ज्या सॉफ्टवेअरमध्ये करतो, त्याचं लायसन्स दर वर्षी भरायचं आणि तेही प्रत्येक कॉम्प्युटरमागे. ऑफिसात कॉम्प्युटर तीन, म्हणून पैसे तीनदा. मुदत संपली की फाईल नुसती बघायची, एक अक्षर बदलता येत नाही. नावं आपल्या सभासदांची, आकडे आपले, आणि परवानगी दुसऱ्याची! जाळं विकत घेतलं, पण फाटल्यावर ते दुकानदारानेच विणायचं असं कुणी सांगितलं, तर आपले तांडेल काय बोलतील ते इथे लिहिता येणार नाही.

"चोरीची कॉपी टाका, सगळेच टाकतात," असं काहीजण सुचवतात. आम्हाला ते मान्य नाही. संस्था नोंदणीकृत आहे, ऑडिट होतं. शिवाय अशा कॉपीबरोबर व्हायरस येतो, आणि तुमचे बँक खाते नंबर त्याच कॉम्प्युटरवर आहेत.

आमचं मत असं की आता लिब्रेऑफिस घ्यावं. २०१० पासून ते ओपन सोर्स पद्धतीने चाललंय. म्हणजे प्रोग्राम कसा लिहिलाय ते कुणीही बघू शकतो, सुधारू शकतो, हव्या तितक्या कॉम्प्युटरवर टाकू शकतो. लायसन्सचे पैसे नाहीत. मेनू मराठीतही मिळतो. केरळच्या सरकारी शाळांनी कित्येक वर्षांपूर्वीच असा रस्ता धरला, तिथे मुलं लिनक्सवर शिकतात.

फुकट म्हणजे बिनकष्टाचं नव्हे. मोठी अडचण आहे आपल्या जुन्या मराठी फाईलींची. त्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. ते टायपिंग सॉफ्टवेअर चालवायला कॉम्प्युटरला एक लॉक लावावं लागायचं. लॉक बिघडलं तेव्हा कंपनीने नव्याचे पैसे सांगितले, आणि आज ती इतिवृत्तं उघडली की मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. लिब्रेऑफिस टाकल्याने हे आपोआप सुधारणार नाही. कन्व्हर्टरने सगळं युनिकोडमध्ये आणायचं आणि मग एकेक पान वाचून तपासायचं, कारण जोडाक्षरं हमखास चुकतात. पण एकदा युनिकोड झालं की तोच मजकूर ऑफिसात, मोबाईलवर, कुठेही नीट दिसतो. लायसन्सला जाणारे पैसे या कामासाठी आपल्याच गावच्या मुलांना द्यावेत, असं आम्हाला वाटतं.

हिशोबाचं सॉफ्टवेअर मात्र इतक्यात हलवू नये. ऑडिटरना तेच ओळखीचं आहे.

ट्रॉलरवाल्यांपैकी काहींनी ओपनसीपीएनबद्दल विचारलंय. तेही ओपन सोर्सच, लॅपटॉपला जीपीएस जोडून चालतं. चार्ट वेगळे घ्यावे लागतात, आणि केवळ त्याच्या भरवशावर कुणी खोल पाण्यात जाऊ नये.

निर्णय कार्यकारिणीच्या बैठकीत होईल. ज्यांच्या घरात मराठी टायपिंग येणारा मुलगा-मुलगी असेल, त्यांनी नाव ऑफिसात द्यावं. जुन्या सभांची छापील इतिवृत्तं कुणाकडे असतील तर तीही आणा, फाईली तपासायला लागतील.