संपाआधीची रांग
टपाल संपाची नुसती कुणकुण लागली, तरी पोस्टाच्या खिडकीपुढची रांग लांबते. परवा माझ्यापुढे उभ्या असलेल्या आजींना कोकणातल्या भावाला राखी पाठवायची होती. पाकिटावर पिनकोड होताच, शिवाय ‘मारुतीच्या देवळामागे, मोठ्या फणसाशेजारी’ अशी खूणही होती. आता फणस शोधत हिंडायला कुठला कुरिअरवाला रिकामा आहे? तिथे पोचतो तो ग्रामीण डाकसेवक. मंडळी, देशातली दर दहापैकी सुमारे नऊ पोस्टं खेड्यात आहेत आणि त्यांतली बहुतेक याच माणसांच्या जिवावर चालतात. तरीही नियमित सरकारी कर्मचाऱ्याचा दर्जा आणि पेन्शन या डाकसेवकांच्या वाट्याला नाही. कमलेश चंद्र समितीने त्यांच्या वेतनाबाबतचा अहवाल नोव्हेंबर २०१६ मध्ये दिला. मे २०१८ मध्ये हे लोक संपावर गेले, तेव्हा कुठे जूनमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी आली. दीड वर्ष अडलेली फाईल संपामुळे पंधरा-सोळा दिवसांत हलली! त्या काळात खेड्यातली पत्रं, पार्सलं, मनीऑर्डरी मात्र वाटेतच अडकल्या. संपाने लोकांचे हाल होतात, हे खरंच. पण त्याचा दोष मी डाकसेवकाला देणार नाही. वेळेवर निर्णय न घेणाऱ्यांनीच ही पाळी आणलेली असते. तेव्हा तुमची महत्त्वाची कागदपत्रं आणि औषधं चार दिवस आधीच रवाना करा, आणि दारी येणाऱ्या पोस्टमनच्या मागणीला उघडपणे पाठिंबा द्या.