‘विदेशी विचार’ म्हणणाऱ्यांनी एकदा फैजपूरला जाऊन यावं

निवडणूक जवळ आली की आपल्या भुसावळच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन शिव्या हमखास सुरू होतात. एक ‘लिबरल’, दुसरी ‘डावा’. वर ठसका, “ही सगळी विदेशी विचारांची माणसं!”

ठीक आहे भाऊ, मग पूर्ण हिशोब मांडू.

‘डावे-उजवे’ हे शब्द १७८९ च्या फ्रान्सच्या सभागृहात कोण कुठं बसलं त्यावरून आले. उदारमतवाद मिलचा, समाजवाद ओवेन-मार्क्सचा. मान्य. पण आज ज्या साच्यातला राष्ट्रवाद आपण बोलतो, तो तरी कुठला? मॅझिनीनं १८३१ मध्ये ‘यंग इटली’ काढली. सावरकरांनी १९०७ मध्ये त्याच मॅझिनीला मराठीत आणलं, तर इंग्रजांनी पुस्तक जप्त केलं. तिकडं आगरकर मिल आणि स्पेन्सर पचवून ‘सुधारक’ चालवत होते. म्हणजे एकाच बाजारातून सगळ्यांनी माल आणला, आणि पावती मात्र एकालाच मागायची?

आपलं गाव तर रेल्वेचं. रेल्वेही विलायतेतूनच आली ना? आठ तासांच्या ड्युटीची मागणी युरोपात ओवेननं १८१७ मध्ये मांडली होती. १९३० मध्ये जीआयपी रेल्वेचे कामगार संपावर गेले, ते युनियनच्या जोरावर. ती ‘युनियन’सुद्धा विदेशीच. मग आठ तास झाल्यावर घरी का जाता? थांबा की बारा तास!

आता फैजपूर. तापी ओलांडली की फार लांब नाही. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन इथं झालं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, समाजवादाची भाषा बोलणारे. गांधीजी हजर. नुकतेच तुरुंगातून सुटलेले मानवेंद्रनाथ रॉय हजर. साने गुरुजी तयारीसाठी राबलेले. एकमेकांशी न पटणारी माणसं एका मांडवात बसली आणि शेतकऱ्याचं कर्ज, शेतसारा, खंड, शेतमजुराची मजुरी यांवर शेतीचा कार्यक्रम मंजूर करून उठली. विचार कुठून आला हे नाही विचारलं. आमच्या शेतकऱ्याच्या कामाचा आहे का, एवढंच पाहिलं.

आणि आज? सकाळी एका पक्षात, दुपारी दुसऱ्यात, संध्याकाळी अपक्ष. माझ्या मते खरा धोका विदेशी विचारांचा नाहीच. धोका आहे कुठलाच विचार नसलेल्यांचा. विचार असलेल्या माणसाला निदान पकडता तरी येतं, “तू असं म्हणाला होतास.” ज्याच्याकडं विचारच नाही, त्याला पकडणार कशावरून?

म्हणून मंडळी, उद्या उमेदवार दारात आला की त्याची जात, पक्ष, झेंडा विचारू नका. एवढंच विचारा: भाऊ, पाणी, घरपट्टी आणि सफाई कामगाराचा पगार याबद्दल तुझा विचार काय? आणि तो पुढच्या वर्षी पण हाच राहील का?

उत्तर मिळालं तर खाली कमेंटमध्ये टाका. मी वाट पाहतोय.