जुळण्याचा हक्क

लेगोच्या ठोकळ्याविषयी एक गोष्ट नेहमी कौतुकाने सांगितली जाते: १९५८ साली बनलेला ठोकळा आजच्या ठोकळ्यावर घट्ट बसतो. हे कौतुक रास्त आहे. त्या वर्षी २८ जानेवारीला गॉटफ्रेड कर्क क्रिस्तियनसेन यांनी डेन्मार्कमध्ये एका जोडणीच्या पेटंटसाठी अर्ज केला. ठोकळ्याच्या पोटात पोकळ नळ्या असतात. खालच्या ठोकळ्याचे उंचवटे त्या नळ्या आणि भिंती यांच्यामध्ये दाबून बसतात आणि घर्षणाने पकड टिकते. दोन उंचवट्यांमधले अंतर ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६ मिलिमीटर. १९६३ मध्ये सेल्युलोज ॲसिटेटच्या जागी एबीएस प्लास्टिक आले, तरी माप ढळले नाही. १९६९ चा ड्युप्लो सर्व बाजूंनी दुप्पट, पण त्याच्यावरही साधा ठोकळा बसतो. काळाशी इतके इमान राखणारी उत्पादने विरळाच.

मात्र हे इमान घरातल्या घरातच राहिले. मुळात हा ठोकळा शेजाऱ्याकडून आलेला. हिलरी फिशर पेज यांच्या किडीक्राफ्ट कंपनीने इंग्लंडमध्ये १९४७ पासून असे ठोकळे विकले. १९४९ मध्ये लेगोने त्यांच्यावरून आपले ठोकळे घडवले. इंचांचे मिलिमीटर केले, गोलसर कोपरे सरळ केले. किडीक्राफ्टचे हक्क विकत घेतले, ते थेट १९८१ मध्ये. पुढे पेटंटची मुदत संपून मेगा ब्लॉक्ससारखे जुळणारे ठोकळे बाजारात आले, तेव्हा हीच कंपनी उंचवट्यांचा आकार म्हणजे आपली व्यापारमुद्रा, असा दावा करीत न्यायालयात गेली. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये आणि युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये तो फेटाळला. ज्या आकारावाचून वस्तू आपले काम करू शकत नाही, तो आकार व्यापारमुद्रेच्या आडून कायमचा अडवता येत नाही, हे त्यामागचे तत्त्व.

प्रश्न इथे मिटला नाही. युरोपच्या रचनाविषयक कायद्यात सुट्या भागांच्या परस्पर जोडणीला संरक्षण देणारा एक अपवाद आहे. त्याच्याच आधारे २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या सामान्य न्यायालयाने लेगोच्या एका ठोकळ्याची नोंदणी वैध ठरवली. म्हणजे पुढच्या दाराने नाकारलेली मक्तेदारी मागच्या दाराने, मुदतीपुरती का होईना, आत आली.

अचूक साचे खर्चिक असतात आणि ढिल्या नकलांमुळे मूळ मालाचे नाव बिघडते, असे कंपनीच्या बाजूने म्हणता येईल. पण नावाचे रक्षण करायला नाव पुरेसे आहे, आणि शोधाचे मोल पेटंटच्या मुदतीत वसूल झाले आहे. उत्तम ठोकळा जोडणीच्या मक्तेदारीवाचूनही खपतो. पकड हाताला कळते.

२०१२ मध्ये काही कलावंतांनी लेगो, फिशरटेक्निक, टिंकरटॉय अशा दहा खेळण्यांना एकमेकांशी जोडणारे सुमारे ऐंशी दुवे तयार केले आणि घरच्या त्रिमितीय मुद्रकावर छापता यावेत म्हणून त्यांचे आराखडे सर्वांसाठी खुले केले. तो उपक्रम म्हणजे थट्टा होती आणि टीकाही: जे काम उत्पादकांनी करायचे, ते ग्राहकाला करावे लागते.

जोडणी ही एका अर्थी भाषेसारखी असते. ती घडवणाऱ्याचा मान मोठा, पण तिच्यात काय बोलायचे आणि कोणाशी, हे ठरवण्याचा अधिकार बोलणाऱ्यांचा. साठ वर्षांपूर्वीच्या ठोकळ्याशी जुळण्याचे वचन पाळणाऱ्याने शेजारच्या ठोकळ्यालाही जुळू द्यावे, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.