पात्यावरची वेलबुट्टी

लग्नकार्यात आलेल्या भांड्यांवर नावे घालण्याची आपली रीत वाचकांच्या परिचयाची आहेच. तांब्याच्या काठाखाली बारीक ठिपक्यांनी कोरलेली ती ओळ, कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी दिले हे दोन पिढ्यांनंतरही सांगते. पण अक्षरांच्या जागी नुसती वेल वा नुसते ठिपके असले आणि सांगणारे कोणी उरले नाही, तर? दक्षिण फिलिपिन्समधील मोरो लोकांच्या तलवारींविषयी वाचताना हा प्रश्न मनात येतो.

मोरो हे एकाच समाजाचे नाव नव्हे. मिंदानाव बेट आणि सुलू द्वीपसमूह येथील मारानाव, मागिंदानाव, ताउसुग, याकान आदी मुसलमान समाजांना मिळून ते लावले जाते. सोळाव्या शतकात तेथे आलेल्या स्पॅनिश लोकांनी, मायदेशी ज्या मूरांशी आपण शतकानुशतके झुंजलो त्यांचेच नाव या नव्या प्रतिस्पर्ध्यांना दिले. परक्यांनी दिलेले हे नाव आज ते अभिमानाने मिरवतात. २०१९ साली अस्तित्वात आलेल्या त्यांच्या स्वायत्त प्रदेशाचे नावही ‘बांगसामोरो’ असेच आहे.

त्यांच्या शस्त्रांत तीन विशेष प्रसिद्ध आहेत. क्रिस ही दुधारी तलवार. तिचे पाते कधी नागमोडी, कधी सरळ, तर कधी अर्धे नागमोडी व अर्धे सरळ असते. बारोंगचे पाते पानासारखे रुंद, तर कांपिलान लांब आणि टोकाकडे रुंदावत जाणारी. कांपिलानच्या मुठीचे टोक जबडा वासलेल्या प्राण्यासारखे कोरलेले असते.

नक्षीचे काम मुठीवरच थांबत नाही. काही पात्यांच्या पोलादात बारीक चर खोदून त्यांत चांदीची वा पितळेची तार ठोकून बसवलेली दिसते. काही कांपिलानांच्या टोकाजवळ छिद्रे पाडून ती पितळेने भरलेली आढळतात. हैदराबादकडच्या वाचकांना येथे बिदरी कामाची आठवण होईल. धातू वेगळे आणि देशही वेगळा. परंतु चर खोदून त्यात चांदी ठोकण्याची युक्ती तीच.

या वेलबुट्टीला मारानाव लोक ‘ओकिर’ म्हणतात. वळणदार पाने, नेच्याचे कोवळे कोंब आणि त्यांतून सळसळत जाणारा नाग ही तिची अंगे. नागाला त्यांच्या भाषेतही ‘नागा’च म्हणतात. इस्लाम त्या बेटांवर चौदाव्या शतकापर्यंत पोहोचला होता; संस्कृतातला हा शब्द मलय जगात त्याच्याही आधी रुजलेला होता. मारानाव लोकांत ‘महारादिया लावाना’ नावाची एक कथा आहे. हे नाव सावकाश उच्चारून पाहावे. महाराज रावण समोर उभा राहतो! धर्म बदलला, तरी कारागिराच्या हातातला नाग गेला नाही. तो पानावेलींत मिसळून गेला इतकेच.

तथापि या खुणांचा अर्थ लावणे सोपे नाही. क्रिसच्या मुठीजवळ पात्याला एक खाच असते. तीत कोणाला हत्तीची सोंड दिसते, कोणाला सापाचा जबडा, तर कोणाला पक्ष्याची चोच. खाच एकच, पाहणारे अनेक.

ज्यांनी खरा अर्थ सांगायचा त्यांच्यापासून अनेक तलवारी दुरावल्या. अमेरिकन अंमलात १९०६ साली बुद दाहो डोंगरावर शेकडो मोरो स्त्री-पुरुष आणि मुले मारली गेली. १९११ साली जनरल पर्शिंग यांनी मोरोंना निःशस्त्र करण्याचा हुकूम काढला. त्या काळातल्या कितीतरी तलवारी सैनिकांनी आठवण म्हणून मायदेशी नेल्या आणि त्यांतल्या पुष्कळ पुढे संग्रहालयांत पोहोचल्या. चांदीची तार अजून जागच्या जागी आहे. पण ती कोणी बसवली, कोणासाठी बसवली आणि हाच आकार का निवडला, हे सांगणारे माणूस तलवारीबरोबर गेले नव्हते.

आपणही आपापली गावे सोडून दूर नांदत आहोत. घरातली समई, पानाचा डबा, देवघरातली घंटा आपल्याबरोबर आली. त्यांच्यावरच्या खुणांचा अर्थ आला का? येत्या दिवाळीला भांडी उजळायला काढाल, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून एकेका वस्तूची हकीकत अवश्य विचारा आणि त्यांनी सांगितलेले वहीत टिपून ठेवा.