नव्या पेठेतील अडत

माल पिकविणारा आणि माल घेणारा यांच्यामध्ये जो उभा राहतो त्याचे मोल किती, हा प्रश्न माळशिरस तालुक्यास नवा नाही. अडत, तोलाई आणि हमाली या तीन शब्दांनी येथील शेतकऱ्याचे कित्येक हंगाम कुरतडलेले आहेत. 2016 साली महाराष्ट्र शासनाने फळे व भाजीपाला यांवरील अडत विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याकडून वसूल करण्याचा निर्णय केला, तेव्हा त्या वादाचा एक अध्याय संपला. परंतु त्याच प्रश्नाचा दुसरा अध्याय आता एका निराळ्याच पेठेत उघडला आहे, आणि त्याकडे अकलूजसारख्या गावाने दुर्लक्ष करणे शहाणपणाचे होणार नाही.

ही पेठ आहे संगणकीय प्रणालींची. दूध संकलनाचा हिशेब, खासगी शिकवणीची हजेरी, दवाखान्यातील नोंदी यांसाठीच्या प्रणाली आता एकदाच विकत न देता मासिक वर्गणीने दिल्या जातात. हा धंदा करण्यास पुण्या-मुंबईस जावेच लागते असे नाही; तमिळनाडूतील तेनकाशीसारख्या ग्रामीण भागात राहून 'झोहो'ने तो जगभर करून दाखविला आहे. नीरेच्या काठावरील तरुणासही ते अशक्य नाही. पण त्याची वर्गणी ग्राहकाच्या खात्यातून त्याच्या खात्यात येते ती मध्यस्थाच्या हातून, आणि हा मध्यस्थ आपली अडत आधीच कापून घेतो.

ही अडत किती, याचा हिशेब वाचकांनी स्वतः करून पाहावा. आपल्याकडील मध्यस्थ कंपन्यांचा प्रचलित जाहीर दर सामान्यतः शेकडा 2, आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी, असा असतो. समजा, एखाद्या प्रणालीची मासिक वर्गणी 199 रुपये असून तिचे 500 वर्गणीदार आहेत. महिन्याची जमा 99,500 रुपये झाली, तर शुल्क 1,990 रुपये आणि कर 358 रुपये 20 पैसे होतो. म्हणजे वर्षास 28 हजारांहून अधिक. उलाढाल 20 लाखांच्या आत असल्यामुळे ज्याने जीएसटीची नोंदणी केलेली नाही, त्यास तो कर वजावटीतही मिळत नाही.

परदेशी ग्राहक असल्यास मामला याहून बिकट होतो. अमेरिकेत 'स्ट्राइप'चा मूळ जाहीर दर शेकडा 2.9 आणि प्रत्येक व्यवहारामागे 30 सेंट असा आहे. 50 डॉलरच्या वर्गणीवर हा भार साडेतीन टक्के पडतो, परंतु 5 डॉलरच्या वर्गणीवर तो जवळजवळ नऊ टक्के होतो. ही कंपनी भारतात 2024 पासून केवळ निमंत्रितांनाच नव्याने प्रवेश देते. 'पॅडल' शेकडा 5 आणि 50 सेंट घेते. मात्र ती स्वतः विक्रेता म्हणून उभी राहते आणि देशोदेशींचे विक्रीकर भरण्याची जबाबदारीही पत्करते. तेव्हा केवळ टक्केवारीची तुलना करणारा फसतो. ठरावीक सेंटांचा भार लहान वर्गणीस खातो. म्हणून 5 डॉलर बारा वेळा घेण्यापेक्षा 60 डॉलर एकदाच घेतल्यास, अमेरिकेतील त्याच दराने 5 डॉलर 34 सेंटांच्या जागी 2 डॉलर 4 सेंटांत काम भागते.

मध्यस्थ काहीच करीत नाही, असे आमचे म्हणणे नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवर्ती वसुलीपूर्वी 24 तास आधी ग्राहकास सूचना द्यावी लागते. 15,000 रुपयांवरील बहुतेक वसुलींस दर वेळी त्याची वेगळी संमती लागते. कार्डांची सुरक्षितता, फसलेल्या वसुलीचा पुनःप्रयत्न आणि परतावा ही कामे कष्टाची आहेत, आणि कष्टास मोल आहे.

आमचा आक्षेप आहे तो सरसकट दरावर. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड यांवरील व्यापारी सवलत दर शून्य आहे. इतर डेबिट कार्डांवर लहान व्यापाऱ्यासाठी रिझर्व्ह बँकेने 2018 पासून 0.40 टक्क्यांची मर्यादा घातली. क्रेडिट कार्डास मात्र अशी मर्यादा नाही. असे असता तिन्ही मार्गांच्या पैशांवर 'सेवाशुल्क' या नावाने एकच शेकडा 2 आकारला, तर यूपीआयने 199 रुपये भरणाऱ्या दूध संकलकाच्या वर्गणीतून क्रेडिट कार्डाचा खर्च भागविला जातो. एकाच काट्यावर कांदा आणि केशर तोलून दोन्हींस एकच तोलाई लावावी, तशातला हा प्रकार होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे. प्रत्येक मध्यस्थाने मार्गनिहाय दर, त्यावरील कर, चलनबदलाचा भार आणि परताव्याच्या वेळी शुल्क परत मिळते की नाही, हे सर्व एका पानावर मराठीतून छापावे. आणि रिझर्व्ह बँकेने ते बंधनकारक करावे. यूपीआयच्या स्वयंचलित वर्गणीची सोय 2020 पासून उपलब्ध आहे. तिचा खरा खर्च बँकांनी उघड सांगावा. शून्य दरामुळे बँकांवर पडणारा भार शासनास मान्य आहे, म्हणूनच 2024-25 साठी त्याने सुमारे 1,500 कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. जो भार करदाता उचलतो, तो लहान उत्पादकाकडून दुसऱ्यांदा वसूल होता कामा नये.

उत्पादकांसही एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. एकटा विक्रेता दरासंबंधी घासाघीस करू शकत नाही. शंभर विक्रेते एकत्र आले तर समोरच्यास ऐकावे लागते. एकेकट्या ऊस उत्पादकास जे साधले नाही ते सहकारी साखर कारखान्याने साधले, हा धडा या तालुक्यास कोणी शिकविण्याची गरज नाही. जुन्या पेठेत ज्यांनी काट्यावर लक्ष ठेवले, त्यांच्या मुलांनी नव्या पेठेत डोळे मिटून सही करू नये.