जगाला हंसविणारे आणि त्यांचें घर

एखादा मनुष्य चारचौघांत गोड बोलतो, तेव्हां तो आपल्या घरींहि तसाच गोड बोलत असला पाहिजे, असें आपण सहज धरून चालतों. ह्या समजुतीला आधार काय, हें मात्र क्वचितच कोणी विचारतो. पूर्वीं ही समजूत कीर्तनकार, नट आणि व्याख्याते ह्यांच्यापुरती होती, कारण त्यांचें दर्शन वर्षांतून एकदां-दोनदां घडे. दूरचित्रवाणी आल्यापासून तें रोज रात्रींचें झालें आहे. जेवणाचीं ताटें उचललीं जात असतां समोरच्या पडद्यावर एक हंसतमुख गृहस्थ अवतरतो, पाहुण्यांस बोलतें करतो, हात जोडून निरोप घेतो. आणि सहा महिन्यांत तो घरच्या माणसांस चुलत्या-मामासारखा वाटूं लागतो. पुढें केव्हां तरी त्याच्या संसारांतील कलहाची बातमी वर्तमानपत्रांत येते, आणि फसवणूक जणूं आपलीच झाली असें मानून आपण रागावतों. आमच्या दहावीच्या वर्गांतील एका मुलीनें अशाच एका बातमीवरून आम्हांस विचारलें, "मग इतके दिवस तो हंसत होता तें सगळें खोटें होतें काय?" प्रश्न चांगला आहे, आणि तो वर्गाबाहेर पालकांपुढेंहि मांडण्यासारखा आहे.

आमच्या मतें तें हंसणें खोटें नव्हतें. समोरच्या माणसाचा संकोच घालविणें, त्याच्या तोंडून त्याची गोष्ट काढून घेणें, स्वतः मागें राहून त्यास पुढें करणें, हा एक गुण आहे, आणि गुणाबरोबर तें कसबहि आहे. गवई तंबोरा लावून बसला कीं सुराशीं खोटें बोलत नाहीं. तद्वत् उत्तम सूत्रधार प्रेक्षकांपुढें उभा राहिला म्हणजे त्या घटकेपुरता खरोखरच प्रेमळ असतो. त्या घटकेच्या पाठीमागें लेखक, रंगभूषाकार, संकलक राबत असतात, अडखळलेलीं वाक्यें कापून टाकलेलीं असतात, ही गोष्ट निराळी. विचारावयाचें तें असें कीं, चारचौघांसाठीं मनुष्य स्वतःमधून इतकें काढून देतो, तेव्हां घरासाठीं शिल्लक काय राहतें, आणि जें कमी पडतें तें कोण भरून काढतो.

अमेरिकेंत जॉनी कार्सन नांवाचे गृहस्थ १९६२ पासून १९९२ पर्यंत, म्हणजे तीस वर्षें, 'टुनाइट शो' हा रात्रीं उशिरां लागणारा गप्पांचा कार्यक्रम चालवीत होते. लक्षावधि कुटुंबें त्यांच्या विनोदावर हंसून मग दिवा मालवीत. त्यांच्या सहवासांत आलेल्या मंडळींनीं पुढें जें सांगितलें तें मात्र निराळें आहे. कॅमेरा बंद झाला कीं हा मनुष्य अबोल होई, अपरिचितांस टाळी, आणि कित्येकदां जवळच्यांशींहि कठोरपणें वागे. त्यांचे चार विवाह झाले व त्यांपैकीं तीन मोडले. ज्या नॉरफोक गांवीं त्यांचें बालपण गेलें त्या गांवास त्यांनीं मोठ्या देणग्या दिल्या, हेंहि तितकेंच खरें. २००५ सालीं ते वारले, आणि २०१३ सालीं त्यांच्या एका जुन्या वकिलानें पुस्तक लिहून त्यांचें खासगी आयुष्य जगापुढें मांडलें. त्या पुस्तकास उत्तर द्यावयास कार्सन उरले नव्हते. असलीं पुस्तकें आम्ही जरा हात राखूनच वाचतों.

परंतु ह्या विचारासाठीं समुद्र ओलांडण्याचें कारण नाहीं. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस किर्लोस्कर मंडळीनें 'मानापमान' रंगभूमीवर आणलें. भामिनीची भूमिका बालगंधर्वांची होती, आणि त्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली होती. प्रयोग थांबला नाहीं. ही गोष्ट आपण सर्वांनीं कर्तव्यनिष्ठेचा धडा म्हणून ऐकली आहे, आणि त्या कलावंताच्या मनाचें बळ थोर होतें ह्यांत शंका नाहीं. तथापि ह्या गोष्टींत त्या मुलीची आई लक्ष्मीबाई एकदांहि बोलत नाहीं. टाळ्या पडल्या, पडदा पडला, कीं गोष्ट संपते. घरीं ती रात्र कशी गेली तें गोष्टींत येत नाहीं.

घरांतील माणसानें स्वतः लेखणी हातीं घेतली म्हणजे काय होतें, ह्याचीं दोन ठळक उदाहरणें मराठींत आहेत. पहिलें आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचें आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे कवि आणि उपदेशक म्हणून लोकांचे लाडके होते. त्यांच्या हातीं पैसा ठरत नसे. लहर लागली कीं ते घर सोडून निघून जात. आणि १८९५ सालीं त्यांनीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस कांहीं वर्षें पतीवांचून काढावीं लागलीं. हें सर्व लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रें' ह्या ग्रंथांत सांगितलें. १९३४ पासून तो भागाभागांनीं प्रसिद्ध झाला, आणि महाराष्ट्रानें तो डोक्यावर घेतला. कोणी रागावलें नाहीं. टिळक १९१९ सालींच वारले होते. शिवाय लक्ष्मीबाई आपल्या हालांवर स्वतःच इतक्या हंसतात कीं वाचकाचे डोळे पाणावतात, पण त्याला अवघडल्यासारखें होत नाहीं.

दुसरें उदाहरण सुनीताबाई देशपांडे ह्यांचें. तेथें वाचकास हंसून सुटण्याची सोय नव्हती.

पु. ल. देशपांडे ह्यांची ओळख करून देणें म्हणजे गोखिवऱ्याच्या माणसास तेथलें तळें दाखविणें होय. लेखक, नट, पेटीवादक, संगीतकार, वक्ता. काय नव्हते ते! आमच्या विषयाशीं त्यांचा आणखी एक संबंध आहे, तो मुलांस ठाऊक नसेल. भारतांत दूरचित्रवाणीचा आरंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजीं दिल्लीस झाला. त्या आरंभींच्या काळांत पु. ल. तेथें काम करीत होते, आणि दूरचित्रवाणीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो. पुढें 'बटाट्याची चाळ' घेऊन ते एकटे रंगभूमीवर उभे राहिले, आणि एका माणसाच्या आवाजांतून सारें बिऱ्हाडकरूंचें जग उभें राहिलें. लोकांना ते पाहुणे वाटेनात. 'भाई' वाटूं लागले.

सुनीताबाई मूळच्या रत्नागिरीच्या ठाकूरांकडील. १९४२ च्या लढ्यांत त्यांनीं भाग घेतला होता. मुंबईच्या ओरिएंट हायस्कूलमध्यें दोघेंहि शिक्षक होतीं (हें लिहितांना आमची मान किंचित् ताठ झाली असल्यास वाचकांनीं क्षमा करावी). १२ जून १९४६ रोजीं रत्नागिरीस त्यांचा नोंदणी-विवाह झाला. त्यास आठ आणे खर्च आला, असें सुनीताबाई सांगत. त्या स्वतः उत्तम अभिनय करीत आणि कविता उत्तम वाचीत. मर्ढेकर आणि बोरकर ह्यांच्या कवितांचें जाहीर वाचन दोघांनीं मिळून केलें. तरीहि लोकांच्या लेखीं त्या 'पु. लं.च्या पत्नी' होत्या, आणि त्यांतून कडक. प्रयोग ठरल्या वेळीं सुरू झाला पाहिजे, व्यवहार चोख असला पाहिजे, दिलेला शब्द पाळला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असे. भाई किती मोकळे आणि बाई किती करड्या, असें लोक म्हणत.

येथें आम्हांस थोडें थांबावेंसें वाटतें. ज्या माणसास सर्व जग आपलें म्हणतें, त्याच्या दारीं सर्व जग येऊन उभेंहि राहतें: कोणी अध्यक्षपद घेऊन, कोणी प्रस्तावना मागावयास, कोणी नुसतें पाहावयास. ह्या सर्वांस होकार दिला तर लिहिणें-गाणें बंद पडेल. नकार दिला तर लोकप्रियतेला ओरखडा उठेल. तेव्हां होकार एकानें द्यावयाचा आणि नकार दुसऱ्यानें, अशी कामाची वांटणी आपोआप होऊन जाते. पु. लं.चा जो मोकळेपणा आपण पाहिला, त्याच्या पाठीशीं 'नाहीं' म्हणणारें एक माणूस उभें होतें. आपण मोकळेपणाला टाळ्या दिल्या आणि 'नाहीं' म्हणणाऱ्या माणसास करडें ठरविलें. हा न्याय नव्हे.

१९९० सालीं सरकारनें पु. लं.ना पद्मभूषण दिलें, आणि त्याच वर्षीं सुनीताबाईंचें 'आहे मनोहर तरी' प्रसिद्ध झालें. घराचे व्यवहार, हिशेब, पत्रें, प्रवासाची सिद्धता, माणसांची ऊठबस ह्यांचा भार बहुतांशीं आपल्यावर कसा राहिला. भाई आपल्या लेखनांत, गाण्यांत व माणसांत असे रमून जात कीं घरांतील दुसऱ्या जीवाचें काय चाललें आहे हें त्यांच्या ध्यानींहि येत नसे. हें त्यांनीं आडपडदा न ठेवतां लिहिलें. स्वतःच्या हट्टी स्वभावाची झाडाझडतीहि त्याच कडकपणें घेतली. आणि पु. लं.च्या गुणांबद्दल त्यांच्या मनांत अनादर होता असें त्या पुस्तकावरून कोणास म्हणतां येणार नाहीं. पुस्तकाचें नांवच पाहावें: 'मनोहर' हा शब्द त्यांनीं मागें घेतलेला नाहीं, 'तरी' म्हणून त्या थांबल्या आहेत.

पुस्तक पुष्कळ खपलें, आणि सुनीताबाईंना बोलहि पुष्कळ लागले. घरचीं लक्तरें वेशीवर टांगलीं, देवमाणसाला उणें आणलें, अशी ओरड झाली. आमच्या मतें ती ओरड पु. लं.च्या कैवाराची नव्हतीच. आपलें हंसणें आतां पूर्वीसारखें निश्चिंत राहणार नाहीं, म्हणून केलेली ती तक्रार होती. कार्सन ह्यांच्या वकिलानें जें लिहिलें तें मालक गेल्यावर. सुनीताबाईंनीं जें लिहिलें तें पति हयात असतां, त्याच घरांत बसून. त्यानंतरहि दहा वर्षें दोघें एकत्र राहिलीं. १२ जून २००० रोजीं, विवाहास चौपन्न वर्षें पूर्ण झालीं त्याच दिवशीं, पु. ल. पुण्यास वारले. चुगलीचीं पुस्तकें अशीं लिहिलीं जात नाहींत. जें बोलणें समोर बसून, नांव घालून केलें जातें, तें दुखविणारें असलें तरी तें घर मोडण्याचें बोलणें नव्हे.

आणि ह्याच दोघांनीं आपल्या प्रतिष्ठानच्या द्वारें केलेलें दान पाहावें. पुण्यांत १९८६ सालीं व्यसनमुक्तीसाठीं निघालेल्या 'मुक्तांगण'ला त्यांनीं आरंभीं हात दिला. आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेंत मुलांसाठीं जें विज्ञानकेंद्र उभें राहिलें त्यालाहि ह्या प्रतिष्ठानचें साहाय्य झालें. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुण्यास गेल्यास त्यानें तें अवश्य पाहून यावें. लोकांना हंसवून मिळविलेला पैसा लोकांकडे परत कसा जावा, ह्याविषयीं त्या घरांत मतभेद नव्हता. ज्या घरांत एवढें मोठें मन होतें त्याच घरांत एका माणसाचें श्रम वर्षानुवर्षें न पाहिलेले राहिले, ही गोष्ट आम्हांस कोणत्याहि उपहासापेक्षां अधिक अस्वस्थ करते. कारण ती दुष्टपणांतून घडत नाहीं.

आतां थोडें घरगुती. गोखिवऱ्याहून रोज वसई रोड स्टेशन गांठणाऱ्या कित्येक पालकांस आम्ही ओळखतों. सकाळच्या लोकलमध्यें त्यांची चौकडी ठरलेली असते, आणि तिच्यांत एक तरी गृहस्थ असा असतो कीं त्याच्या एकेका कोटीवर सारा डबा हंसतो. तो एक दिवस आला नाहीं तर मंडळींस चुकल्यासारखें होतें. तेच गृहस्थ सायंकाळीं घरीं येतात, चपला काढतात, आणि 'चहा' एवढा एकच शब्द बोलून मोबाइलांत तोंड घालतात. गर्दींत दोन तास उभें राहून आलेला मनुष्य थकलेला असतो, हें आम्हांस मान्य आहे. पण थकवा उतरविण्यासाठीं जी विनोदबुद्धि डब्यांत उपयोगीं पडते, ती उंबऱ्याबाहेर चपलांबरोबर कां राहते?

विद्यार्थ्यांचीहि एक नवी तऱ्हा आम्ही पाहतों. आईच्या वाढदिवसाला तिचें छायाचित्र, दोन ओळी आणि पांच-सात फुलें मोबाइलवरून दोनशें लोकांस पाठविलीं जातात, आणि त्या वेळीं ती माऊली पलीकडच्या खोलींत भांडीं घांसत असते. दोनशें लोक शुभेच्छा देतात. तिला त्या रात्रीं उशिरां कळतात, हात पुसून झाल्यावर. स्नेहसंमेलनांत सूत्रसंचालन करणारा विद्यार्थी "आदरणीय", "वंदनीय" हे शब्द इतक्या सफाईनें उच्चारतो कीं पाहुणे प्रसन्न होतात. त्याचा सदरा रात्रीं कोणी इस्त्री केला, हें त्याला विचारलें तर त्यास क्षणभर आठवावें लागतें. त्याचें बोलणें खोटें असतें असें आम्ही म्हणत नाहीं. तो बोलतो छानच, आणि पुढील वर्षींहि सूत्रसंचालन त्याच्याकडेच जाईल.

आमच्या ग्रंथालयांत 'बटाट्याची चाळ' विनोदाच्या कपाटांत होती आणि 'आहे मनोहर तरी' आत्मचरित्रांच्या. पहिल्या पुस्तकाची बांधणी दोनदां करावी लागली. दुसऱ्यावर तारखेचे शिक्के थोडे. ह्या वर्षापासून दोन्ही पुस्तकें एकाच फळीवर, शेजारीं शेजारीं ठेविलीं आहेत. पालकांसहि तीं नेतां येतील. मुलाच्या नांवावर पंधरा दिवस मिळतात.