उत्तरे जुळवताना

मानसशास्त्राचा पेपर सुटल्यावर परीक्षा केंद्राच्या आवारात उत्तरे जुळवणाऱ्यांना ‘झाले ते विसरा’ असा उपदेश केला जातो. तो मला मान्य नाही. दूरशिक्षण घेणाऱ्या प्रौढ विद्यार्थ्याला सहाध्यायी भेटतो तो बहुधा येथेच. मात्र उत्तर किती जणांचे जुळले यावरून ते बरोबर ठरवणे घातक आहे. ‘नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षा’ असे तिघांनी सांगितले, की योग्य उत्तर लिहिणारा चौथाही डळमळतो. सॉलोमन ॲश यांच्या १९५१ च्या प्रयोगात रेषांची लांबी डोळ्यांना स्पष्ट दिसत असूनही अनेकांनी बहुमताचे चुकीचे उत्तर दिले होते.

वस्तुतः येथे ‘नकारात्मक’ म्हणजे वाईट नव्हे, तर काढून घेणे. सीटबेल्ट लावताच गाडीतील कर्कश सूचना थांबते, म्हणून तो लावण्याची सवय बळावते. शिक्षेने वर्तन घटते, प्रबलनाने वाढते. व्यवहारातला अर्थ परिभाषेवर लादल्याने हा घोटाळा होतो. म्हणून ‘तुम्ही काय लिहिले?’ याबरोबरच ‘असे का लिहिले?’ हेही विचारावे आणि निर्णय पाठ्यपुस्तक उघडून करावा. गुण त्याने वाढणार नाहीत. परंतु आवारातली ती दहा मिनिटे हाच अनेकांचा एकमेव वर्ग असतो.